आपला माणूस चुकतो तेव्हा



आपल्या मासिकात राजकारणाचा विषय कशाला, असे पहिल्याच ओळीला तुमच्या मनात येईल. साहजिक आहे. नारदाच्या गादीवर उभे राहिले की कोणत्याही पक्षाची बाजू घ्यायची नाही, ही आपली मर्यादा. ४८ वर्षे कीर्तनसेवा केली, तेवढी वर्षे ती सांभाळली. आता वयाची ७६ वर्षे झाली, दम पुरत नाही म्हणून सेवा थांबली. पण म्हणून मर्यादा मोडायची नाही. आज लिहितो आहे ते कोणत्या एका पक्षाविषयी नाही, ‘आपला’ या एका शब्दाविषयी आहे. शब्द गोड आहे. विठोबालाही आपण आपला म्हणतो. पण हाच शब्द माणसाची दृष्टी कशी घालवतो, ते पक्षांच्या वागण्यात फार स्वच्छ दिसते. म्हणून दृष्टांत तिकडचा घेतला. सिद्धांत मात्र आपल्या घरचा आहे.

संध्याकाळी पारावर बसलेल्या मंडळींकडे पाहा. बातमी येते, अमुक पुढाऱ्याचे प्रकरण बाहेर आले. पहिला प्रश्न कोणता निघतो? काय केले, किती खाल्ले, कोणाचे खाल्ले, हा नाही. पहिला प्रश्न निघतो, ‘कुठल्या पार्टीचा?’ उत्तर मिळाले की अर्ध्यांचे चेहरे उजळतात, अर्ध्यांचे पडतात. प्रकरण काय ते अजून कोणालाच ठाऊक नसते, पण निकाल लागून गेलेला असतो. ज्यांचे चेहरे पडले ते लगेच सावरतात आणि म्हणतात, ‘मागच्या साली त्यांचे नाही का निघाले?’ झाले. आता दोन्ही बाजू मोकळ्या. ज्याचे नुकसान झाले त्याची आठवण कोणालाच राहत नाही.

पक्षही असाच वागतो, फक्त मोठ्या आवाजात. मी आजवर जी वाक्ये ऐकली ती सगळ्या पक्षांच्या तोंडून सारखीच ऐकली. पहिले वाक्य, ‘हे विरोधकांचे कारस्थान आहे.’ ते टिकेना की दुसरे, ‘कायदा आपले काम करेल.’ तेही पुरेना की तिसरे, ‘त्यांचा आणि पक्षाचा काही संबंध नाही.’ चौथे वाक्य बोलले जात नाही, केले जाते. चार-पाच वर्षे जातात, लोक विसरतात, आणि एके दिवशी तोच माणूस हार घालून पुन्हा व्यासपीठावर बसलेला दिसतो.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, राजकारण हे असेच; यात नवे काय सांगितले? थांबा. हे नेहमी असेच नव्हते, आणि ते का बदलले याचा विचार आपण केला पाहिजे.

१९५१ सालची गोष्ट ऐका. स्वराज्याला चार वर्षे झाली होती. तेव्हाच्या हंगामी संसदेत मुंबईचे एच. जी. मुद्गल नावाचे काँग्रेसचे सदस्य होते. मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या एका संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत त्यांच्या सोयीचे काम करायचे, असा त्यांच्यावर आरोप आला. रक्कम हजारांत मोजण्यासारखी. कोटींचा तेव्हा प्रश्नच नव्हता. पंतप्रधान नेहरू. पक्ष त्यांचा, माणूस त्यांच्या पक्षाचा. चौकशी समितीचा प्रस्ताव त्यांनी स्वतः मांडला. टी. टी. कृष्णम्माचारी त्या समितीचे अध्यक्ष होते. समितीने दोष दाखवला, तेव्हा सप्टेंबर महिन्यात सभागृहातून काढून टाकण्याचा प्रस्तावही नेहरूंनीच मांडला. चर्चा चालू असताना मुद्गल यांनी राजीनामा दिला. तेवढ्यावर सभागृह थांबले नाही. हा सदस्य हकालपट्टीलाच पात्र होता, असे नोंदवून ठेवले. ध्यानात घ्या, पहिली सार्वत्रिक निवडणूक महिन्यावर आली होती. ‘आत्ता नको, निवडणूक होऊ द्या’ असे म्हणायला जागा होती. कोणी म्हटले नाही.

दुसरी गोष्ट १९५७ ची. आयुर्विमा महामंडळ नुकतेच स्थापन झाले होते. गोरगरिबांनी विम्याचे म्हणून भरलेले पैसे त्यात. त्यातले सुमारे सव्वा कोटी रुपये हरिदास मुंदडा नावाच्या कलकत्त्याच्या व्यापाऱ्याच्या कंपन्यांच्या शेअरमध्ये घातले गेले. त्या कंपन्यांची स्थिती चांगली नव्हती. हे लोकसभेत डिसेंबर महिन्यात कोणी उभे राहून मांडले? फिरोज गांधींनी. ते काँग्रेसचेच खासदार, आणि पंतप्रधानांचे जावई. सरकार सासऱ्याचे, पक्ष स्वतःचा, तरी आकडे घेऊन उभे राहिले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्यांनी मुंबईत उघड्यावर, लोकांसमोर साक्षी घेतल्या. आत जागा पुरेना म्हणून बाहेरच्यांसाठी ध्वनिक्षेपक लावले होते. महिना-सव्वा महिन्यात अहवाल आला. अर्थमंत्र्यांना जावे लागले. अर्थमंत्री कोण होते? तेच टी. टी. कृष्णम्माचारी, सहा वर्षांपूर्वी मुद्गल यांची चौकशी करणारे. त्यांनी स्वतः पैसे खाल्ले असे कोणी म्हटले नव्हते. पण खात्यात झाले त्याची जबाबदारी मंत्र्याची, असे आयोगाने ठरवले. जो दंड दुसऱ्यासाठी उचलला होता, तोच आपल्यावर आला तेव्हा त्यांना मान लववावी लागली.

त्या काळाची आरती ओवाळायला मी हे सांगत नाही. कृष्णम्माचारी पाच वर्षांच्या आत पुन्हा मंत्रिमंडळात आले आणि पुन्हा अर्थमंत्रीही झाले. तेव्हाची माणसेही माणसेच होती. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. त्या वेळी काँग्रेसला कोणाची भीती नव्हती. शेकड्यांनी जागा होत्या. एक सदस्य गेला, एक मंत्री गेला, तरी सरकारला धक्का नव्हता. भरल्या घरात न्याय करणे सोपे असते. आज एकेका आमदारावर सरकारे उभी असतात, तिथे आपल्या माणसाला ‘जा’ म्हणणे अवघड, हे मला कळते.

पण मग १९८२ साल आठवते आणि हे कारण पुरे पडत नाही. तेव्हा बॅ. अंतुले आपल्या राज्याचे मुख्यमंत्री होते. सिमेंट परमिटवर मिळायचे. आमच्या गावी विठ्ठल मंदिराच्या सभामंडपासाठी थोडी पोती हवी होती, तर पंचमंडळींनी कचेरीत घातलेल्या खेपा मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. आणि त्याच दिवसांत वर्तमानपत्रात आले, की मुंबईतल्या बिल्डरांनी मुख्यमंत्र्यांच्या न्यासांना देणग्या दिल्या आणि त्यांना सिमेंट मिळाले. ऑगस्ट १९८१ ला हे छापून आले. राजीनामा आला तो जानेवारी १९८२ ला, उच्च न्यायालयाने देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध आहे असा निकाल दिल्यावर. मधले महिने पक्ष मुख्यमंत्र्यांच्या मागे उभा राहिला. आता सांगा, संख्या कमी होती का? १९८० च्या निवडणुकीत विधानसभेच्या २८८ पैकी १८६ जागा त्यांच्या होत्या. घर भरलेलेच होते. मग फरक कुठे पडला?

फरक असा पडला, की १९५१ ला आणि १९५७ ला पहिला आवाज घरातून उठला होता. १९८१ ला पक्षात कुरबूर झाली असेल, पण ते काम वर्तमानपत्राला, विरोधकांना आणि शेवटी न्यायालयाला करावे लागले. घराने घराचा कचरा काढला नाही, तो रस्त्यावरच्या माणसाने काढला. पुढे काही वर्षांनी अंतुले केंद्रात दोनदा मंत्री झाले. चौथे वाक्य करून दाखवले गेले.

हे एकाच पक्षाचे म्हणून सोडू नका. मार्च २००१ मध्ये भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष बंगारू लक्ष्मण यांना एक लाख रुपये घेताना साऱ्या देशाने चित्रफितीत पाहिले. अध्यक्षपद सुटले. पैसे पक्षनिधीसाठी होते असे सांगितले गेले. तीन वर्षांनी त्याच घरात लोकसभेची उमेदवारी दिली गेली, ती जागा जिंकलीही. २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांना चार वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे डिसेंबर २००५. संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना ११ खासदार चित्रफितीत सापडले. ते एका पक्षाचे नव्हते, चार पक्षांचे होते. २३ डिसेंबरला संसदेने सगळ्यांना काढले. हे चांगले झाले. पण ज्या पक्षाचे त्यात सर्वांत जास्त सदस्य होते, त्याने शिक्षा फार कठोर आहे म्हणून सभात्याग केला. तोच गुन्हा दुसऱ्या बाजूच्या सहा जणांनी केला असता तर शिक्षा कठोर वाटली असती का? हा प्रश्न त्या पक्षापुरता नाही. सहा जण दुसऱ्या पक्षाचे असते तर त्या पक्षानेही हेच केले असते, असे मला वाटते.

अलीकडच्या प्रकरणांतली हयात माणसांची नावे मी घेत नाही. काहींवरचे खटले चालू आहेत, काही सुटले आहेत, आणि तुम्हाला ती नावे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. एकच नवी चाल मात्र सांगितली पाहिजे. पूर्वी चुकलेला माणूस काही वर्षे घरी बसायचा. आता तो पलीकडच्या पक्षात जातो. काल ज्यांनी त्याला चोर म्हटले, तेच आज त्याला शाल घालतात. लोक याला गमतीने वॉशिंग मशीन म्हणतात. मला गंमत वाटत नाही. आपण चंद्रभागेत स्नान करतो, पण स्नानाने सावकाराचे देणे फिटते असे कोणी वारकरी मानत नाही. पाप देवापुढे सांगायचे असते, आणि ज्याचे घेतले त्याचे परत करायचे असते. पक्षप्रवेश म्हणजे चंद्रभागा नव्हे.

आता आपल्या घरी येऊ.

महाभारतातली द्यूतसभा तुम्ही अनेकदा ऐकली आहे. द्रौपदीला सभेत आणले, तिने प्रश्न विचारला, आणि भीष्मद्रोणांसारखे वडीलधारे गप्प बसले. तेव्हा बोलला कोण? विकर्ण. तो कौरवांपैकीच एक, दुर्योधनाचा सख्खा भाऊ. हे अधर्माचे झाले, असे तो भर सभेत म्हणाला. कर्णाने त्याला झापले, तू लहान आहेस, तुला काय कळते म्हणून. बोलून विकर्ण पांडवांकडे गेला नाही. पुढे युद्धातही तो आपल्या भावांच्याच बाजूने उभा राहिला आणि त्यांच्याच बाजूने मेला. मला या विकर्णाचा फार विचार करावासा वाटतो. आपला पक्ष सोडायचा नाही आणि आपल्या पक्षाचे पाप झाकायचे नाही, या दोन गोष्टी एका माणसात राहू शकतात, हे त्याने दाखवले. दुर्योधनाने त्याचे ऐकले असते तर कुळ वाचले असते. आपल्याच माणसाचा विरोध हा कुळाचा शेवटचा उपाय असतो. तो दाबला की मग कुरुक्षेत्रच उरते.

मग पुढारी विकर्ण का होत नाहीत? त्याची कारणे साधी आहेत. उमेदवारी वरून मिळते. जो बोलेल त्याचे नाव यादीतून गळते. पक्ष चालवायला पैसा लागतो, आणि पैसा आणणारा माणूस पुष्कळदा तोच असतो ज्याचे प्रकरण निघालेले असते. शिवाय त्याला घरातले सगळे ठाऊक असते. त्याला दुखावले तर तो बोलेल, ही भीती. पक्ष म्हणजे काही राक्षस नव्हे. भीती आणि गरज या दोन दोऱ्यांनी बांधलेली माणसे आहेत. अशाच दोऱ्या आपल्या दिंडीतही असतात, म्हणून तो प्रसंग सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वीची आषाढी. मी ज्या दिंडीत चालायचो ती दोनशे-सव्वादोनशे माणसांची. दिंडीची कोठी एक गृहस्थ सांभाळत. भिशीचे पैसे, धान्याची पोती, स्वयंपाकाचा हिशेब, सगळे त्यांच्याकडे. चांगला माणूस. पाय सुजलेल्या म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन मुक्कामाला आणलेले मी पाहिले आहे. आवाजही गोड. त्या वर्षी एका व्यापाऱ्याने दिंडीला गव्हाची पोती दिली होती. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या माउलीने ती पुण्यात ट्रकमध्ये चढताना मोजली होती, आणि वाल्ह्याला उतरताना पुन्हा मोजली. नऊ पोती कमी. तेवढा स्वयंपाक झालेला नव्हता. ती दिंडीचालकांकडे गेली.

तिला काय उत्तरे मिळाली ती ऐका. ‘मावशी, पुरावा आहे का?’ मग, ‘आत्ता वारीत नको, आषाढी होऊ दे, दिंडीचे नाव जाईल.’ मग, ‘दुसऱ्या दिंड्यांत होत नाही का?’ आणि शेवटी, ‘त्यांनी वीस वर्षे सेवा केली आहे, ते कोणी बघायचे?’ पक्षाच्या कार्यालयातून निघतात तीच वाक्ये तंबूत निघत होती, आणि ती बोलणारी माणसे वाईट नव्हती. त्यांना खरोखरच दिंडीची काळजी होती.

म्हातारीने सगळे ऐकून घेतले. तिच्या डोक्यावर तुळस असायची, हाती टाळ नसायचा. ती म्हणाली, ‘बरं. मग आज समाजआरतीला कुणाचा तरी टाळ मागून घेते. चोपदारांनी दंड वर केला तरी माझा टाळ थांबायचा नाही.’

माउलींच्या सोहळ्यात चाललेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. पालखी मुक्कामाला आली की समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळमृदंगांचा कल्लोळ असतो. चोपदार दंड उंचावतात आणि एका क्षणात हजारो टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा होतो. त्याशिवाय आरती होत नाही. केवढी मोठी रीत आहे ही! तक्रार करणारा शिस्त मोडतो असे आपल्या पूर्वजांनी मानले नाही. तक्रार ऐकल्याशिवाय केलेली आरती देवापर्यंत पोहोचत नाही, असे मानले. मतभेद दाबून मिळवलेली शांतता आणि निवाडा करून आलेली शांतता, यांतला फरक त्यांना माहीत होता.

त्या दिवशी तिच्यावर टाळ वाजवायची वेळ आली नाही. रात्री लोणंदच्या मुक्कामी फड बसला. गृहस्थांना बोलावले. त्यांनी नाकारले नाही. मुलीच्या लग्नाचे कर्ज होते, तगादा होता, पोती विकली. तंबूत कोणी बोलेना. काही डोळे ओले झाले. एक जण म्हणाला, जाऊ द्या, आपलाच माणूस आहे, माफ करू. मला विचारले तेव्हा मी एवढेच म्हटले, की माफ करायला पोती आपली असावी लागतात. ती व्यापाऱ्याने वारकऱ्यांच्या मुखी घालायला दिली आहेत. आपल्या पदरची भाकरी आपण सोडू शकतो, दुसऱ्याच्या पदरची कशी सोडणार?

निवाडा असा झाला. कोठीची किल्ली त्याच रात्री काढून घेतली. नऊ पोत्यांची किंमत त्यांनी दोन सुगींत फेडायची. व्यापाऱ्याला जाऊन खरे सांगायचे. आणि वारी मात्र त्यांच्याकडून कोणी काढून घ्यायची नाही. दिंडीत चालायचे, भजन म्हणायचे, पंगतीला सगळ्यांबरोबर बसायचे. पण किल्ली पुन्हा त्यांच्या हाती द्यायची नाही, किती वर्षे गेली तरी.

याची किंमत पडली. त्यांच्या गावची वीस-बावीस माणसे रागावली आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या दिंडीत गेली. भिशी कमी पडली. त्या म्हातारीशी काही जण कित्येक दिवस नीट बोलत नसत. ते गृहस्थ स्वतः मात्र येत राहिले. मागे चालायचे. पैसे फेडले. आमच्यातला कोणीही त्यांना त्यावरून कधी टोचून बोलला नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

पक्षांना जे जमत नाही ते इथे आहे, माउली. माणूस वेगळा आणि पद वेगळे. आपण पद काढले, माणूस राखला. पक्ष एक तर पद राखायला धडपडतो, नाही तर माणूसच फेकून देतो, ‘त्यांचा आमचा संबंध नाही’ म्हणून. हकालपट्टी फार कडक वाटते, पण पुष्कळदा ती हात झटकण्याची सोय असते. कारण माणूस हाकलला तरी हिशेब कोणी मांडत नाही, पोती कोणी परत करत नाही. आणि हिशेब झालेला नसतो, म्हणूनच तो माणूस काही वर्षांनी सहज परत येऊ शकतो.

आपल्या संतांनी हिशेबाला किती मान दिला ते पाहा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली. यापेक्षा पवित्र काम कोणते? तरीही धान्य दुसऱ्याचे होते. मग देवाने काय केले? माझा भक्त आहे, हिशेब माफ करा, असा निरोप बादशहाला पाठवला नाही. विठू महार होऊन बिदरला गेला, मोहरा मोजल्या आणि पावती घेतली. जगाच्या मालकाने पावती घेतली! भक्ताची बाजू घेणे म्हणजे भक्ताचे देणे भरणे. देणे बुडवणे नव्हे.

तुकोबारायांचेही तसेच. घराण्याची सावकारी होती, लोकांकडून येणे असलेली खते होती. ती इंद्रायणीत सोडली हे सगळे सांगतात. पण त्याआधी काय केले ते सांगायला आपण विसरतो. आधी वाटण्या केल्या. धाकट्या भावाचा, कान्होबांचा, हिस्सा त्यांच्या हाती दिला. मग आपल्या वाट्याची खते डोहात सोडली. क्षमा आपल्या वाट्यातून करायची असते. जनतेच्या पैशात ज्याने हात घातला त्याला पक्ष क्षमा करतो, तेव्हा तो कोणाच्या वाट्याची खते बुडवतो, हे विचारायला हवे.

याची दुसरी बाजूही विसरू नका. आरोप म्हणजे दोष नव्हे. जनाबाईंवर देवाच्या पदकाच्या चोरीचा आळ आला आणि सुळावर चढवायची तयारी झाली. का एवढी घाई? कारण ती दासी होती, तिच्या मागे कोणी नव्हते. ज्याच्या मागे फड उभा आहे त्याला मुदतीवर मुदत, आणि जिच्या मागे कोणी नाही तिला त्याच दिवशी सूळ. दोन्ही अन्यायांचे मूळ एकच: काय केले ते न पाहता कोणाचा माणूस ते पाहणे. म्हणून चौकशी हवी, ती उघड हवी, आणि ती चालू असेपर्यंत किल्ली दुसऱ्याच्या हाती हवी. यापेक्षा जास्त काही मागायचे नाही, आणि कमीही नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही काय करणार? आम्ही टाळकरी माणसे. करण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२० रोजी आदेश दिला आहे, की ज्याच्यावर फौजदारी खटले आहेत असा उमेदवार पक्षाने निवडला, तर त्याची माहिती आणि त्यालाच का निवडले याचे कारण पक्षाने जाहीर केले पाहिजे. ते स्थानिक वर्तमानपत्रातही छापले पाहिजे. नुसता निवडून येईल, हे कारण चालणार नाही. निवडणूक आली की वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ते येते. चष्मा लावून वाचा. पोथी वाचतो तसे सावकाश वाचा. आणि प्रश्न विचारायचा तो आपल्या पक्षाला विचारा. दुसऱ्याच्या पक्षाला तर सगळेच विचारतात. त्याला धैर्य लागत नाही आणि त्याचा उपयोगही होत नाही. ज्या पक्षाला तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या मत देता, ज्याचा कार्यकर्ता तुमचा पुतण्या आहे, ज्याचा पुढारी तुमच्या दिंडीला पाण्याचा टँकर देतो, त्याला विचारा. टँकरबद्दल आभार माना आणि प्रश्नही विचारा. टँकरचे पाणी पिऊन मुकेपणा येत असेल, तर तहान बरी.

आणि हे फक्त पक्षापुरते ठेवू नका. संस्था, फड, मंदिराचे पंच, आणि हो, आम्ही महाराज मंडळीसुद्धा. ‘आपला’ हा शब्द जिथे जिथे आहे तिथे हा रोग आहे. गळ्यात तुळशीची माळ आहे म्हणून कोणाचा हिशेब तपासायचा राहू नये. उलट माळ आहे म्हणून तो आधी तपासावा. तक्रार करणाऱ्याला द्रोही म्हणू नये. त्याचा टाळ वाजतो आहे तोवर घर जिवंत आहे असे समजावे.

देव विटेवर उभा आहे, सगळ्यांकडे सारख्या नजरेने पाहत. त्याला आपला-परका नाही, म्हणून तो आपला आहे. ती नजर थोडी जरी आपल्यात आली, तर पुढाऱ्यांनाही त्या नजरेपुढे उभे राहणे शिकावे लागेल. एवढे बोलून ही सेवा विठ्ठलचरणी ठेवतो.

राम कृष्ण हरी.